झिजलेली ब्रिटिश पेनी आठवण म्हणून घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात तांबूस-काळं एक मोठं नाणं असायचं. १९६३ ते १९६६ अशी तीन वर्षं ते लंडनला होते. परत येताना कोटाच्या खिशात राहून गेलेली ती पेनी. पुढे घर बदलताना तो डबाच हरवला. बाबांच्या पंच्याहत्तरीला तशीच एक पेनी आणून द्यावी म्हणून मी शोधायला निघालो. आठवड्याचं काम वाटलं होतं, चार महिने लागले आणि मधे तीन-चार वेळा फसलो. काही वेळा दुसऱ्यांनी फसवलं, जास्त वेळा माझं मीच.

तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले फोन करतात: "आमच्या आजोबांकडे अस्संच होतं हो, तुम्ही कुठून आणलंत?" प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. मी नाण्यांचा अभ्यासक नाही आणि विक्रेता तर नाहीच.

पेनी म्हणजे नेमकं कोणतं नाणं?

इंग्लंडात आजही पेनी चालते, पण ती जेमतेम २० मिलिमीटरची, आपल्या जुन्या पाच पैशांची आठवण करून देणारी चिमुकली गोष्ट आहे. तुम्हाला हवी आहे ती जुनी, मोठी पेनी. १८६० पासून ती ब्राँझमध्ये पाडायला लागले: व्यास ३१ मिलिमीटरच्या आसपास, वजन ९.४ ग्रॅम. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याच्याशेजारी ठेवलीत की फरक कळेल. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक माणूस "एवढी मोठी?" असंच म्हणतो.

बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पौंडाला दोनशे चाळीस पेन्स. हे ऐकून आजची पोरं कपाळाला हात लावतात, पण रुपये-आणे-पै करत वाढलेल्यांना त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे तो हिशेब १ एप्रिल १९५७ ला संपला, त्यांच्याकडे १५ फेब्रुवारी १९७१ ला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून गेली.

आमच्या देव्हाऱ्यात राणी छाप रुपया आहे. तो ब्रिटिशच ना?

राणी तीच, नाणं वेगळं. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतो तो रुपया चांदीचा, हिंदुस्थान सरकारचा, मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला. त्यावर 'इंडिया' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो घेऊन कुणी लंडनच्या बसमध्ये चढला असता तर कंडक्टरनं उतरवला असता. आजोबा इंग्लंडला गेलेच नसतील आणि त्यांच्या आठवणीत 'राणीचा पैसा' असेल, तर तुम्हाला पेनी नकोच आहे. इथला पाव आणा किंवा रुपया शोधा. तो घराजवळच्या सराफाकडेही विचारता येईल.

कोणत्या सालची घ्यावी? बाबा ज्या वर्षी गेले त्या सालची घेऊ का?

नका घेऊ. माझी पहिली चूक हीच.

मी मोठ्या हौसेनं १९६३ ची पेनी मागवली. ती आली ती लालसर, कडा धारदार, राणीच्या डोक्यावरच्या पानांचा मुकुट मोजून घ्यावा इतका स्वच्छ. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिली आणि विचारलं, "ही कुठली?" त्यांच्या खिशात कधी अशी पेनी नसायचीच, असं नाही. पण ती त्यांची पेनी नव्हती.

कारण असं, की १९६३ च्या लंडनमध्ये सुट्टे म्हणून हातात पडणाऱ्या पेन्या फक्त १९६३ च्या नसायच्या. जुनं ब्राँझ कुणी परत घेतलं नव्हतं. १८६० च्या दशकातली, व्हिक्टोरिया तरुण असतानाची नाणीसुद्धा दशमान पद्धत येईपर्यंत दुकानातून खिशात आणि खिशातून दुकानात फिरत होती. शंभर वर्षांचं नाणं देऊन लोक वर्तमानपत्र घेत होते. बाबा म्हणतात, मूठ उघडली की पाच राज्यं दिसायची: व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज आणि एलिझाबेथ. आणि त्यातली जुनी होती ती इतकी गुळगुळीत, की अंधारात अंगठ्यानं ओळखावी.

तेव्हा साल शोधू नका, माणूस शोधा. ज्यांच्यासाठी घेताय ते हयात असतील तर त्यांना विचारा: नाण्यावर बाई होती की बुवा? दाढी होती का? तोंड कुठल्या बाजूला? बाबांना एवढंच आठवत होतं: "दाढीवाला, डावीकडे बघणारा." एवढ्यावर काम झालं. ते कसं, ते पुढच्या प्रश्नात.

पार झिजलेलं नाणं ओळखायचं कसं?

चेहरा जातो, पण बाह्याकृती राहते. छाप्याच्या बाजूनं सुरुवात करा.

डावीकडे तोंड, मानेवर अंबाडा: तरुण व्हिक्टोरिया, १८६० ते १८९४. तिकडचे संग्राहकही हिला अंबाड्यावरूनच ओळखतात. डावीकडेच तोंड, पण डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ओढणी: म्हातारी व्हिक्टोरिया, १८९५ ते १९०१. उजवीकडे तोंड, टक्कल आणि दाढी: सातवा एडवर्ड, १९०२ ते १९१०. डावीकडे तोंड, दाढी, भरपूर केस: पाचवा जॉर्ज, १९११ ते १९३६. डावीकडे तोंड, दाढी नाही: सहावा जॉर्ज. उजवीकडे तोंड, डोक्यावर पानांचा मुकुट: एलिझाबेथ. आठवा एडवर्ड यादीत नाही, कारण त्याची नाणी चलनात यायच्या आतच त्यानं गादी सोडली.

आता काटा. तिथे हातात त्रिशूळ आणि बाजूला ढाल घेऊन ब्रिटानिया बसलेली असते. पहिल्यांदा तिचाच चेहरा झिजतो, मग छाती. पण तिच्या मागे दीपगृह आहे का ते पाहा. १८९४ पर्यंतच्या पेन्यांवर दीपगृह आणि जहाज दोन्ही असायची. १८९५ ला दोन्ही काढली. १९३७ ला दीपगृह परत आलं, जहाज मात्र गेलं ते गेलंच. म्हणजे दाढीवाला राजा आणि सपाट समुद्र, तर तो पाचवा जॉर्ज किंवा एडवर्ड. तोंडाच्या दिशेवरून दोघांतला कोण ते ठरतं.

साल ब्रिटानियाच्या पायाखाली असतं. ते वाचता येत नसेल तर नाणं टेबलावर ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, टेबलाला टेकवून धरा. सावलीत आकडे उठतात. '३' आणि '८' मधला घोळ मात्र टॉर्चनंही सुटत नाही. तिथे शाळेतली युक्ती: वहीचा पातळ कागद वर ठेवायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. माझ्या पेनीचा शेवटचा आकडा असाच कळला, १९१९. चार दिवस मी तिला १९१३ समजत होतो.

जन्मसालाची पेनी हवी आहे, पण मिळतच नाही. असं का?

बहुतेक ती पाडलेलीच नसते. १९२३, १९२४ आणि १९२५ ची पेनी नाही. १९४१, १९४२ आणि १९४३ ची नाही. १९३३ ची पेनी संग्राहकांच्या जगातली दंतकथा आहे, मोजून सात-आठ नग. १९५४ ते १९६० या काळात चलनासाठी पेनी निघालीच नाही, कारण देशात आधीच पेन्यांचा सुकाळ झाला होता. १९५० आणि १९५१ च्या आहेत, पण फार कमी पाडल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा बर्म्युडाला रवाना झाल्या, त्यामुळे त्या महाग.

मागे एका काकूंनी यजमानांच्या साठीसाठी १९५७ ची पेनी शोधायला अख्खं घर कामाला लावलं होतं. त्यांना कुणीतरी "मिळवून देतो, थोडे जास्त पडतील" असं सांगितलंही होतं! अशा वेळी अर्धी पेनी घ्या. तिच्या काट्यावर १९३७ पासून शिडाचं जहाज आहे, दिसायला पेनीपेक्षा देखणी आहे, आणि वर सांगितलेल्या सालांपैकी बहुतेक सालांची मिळते. १९५७ चीही.

झिजलेलीच का? चांगली का नको?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारतात, तोही जरा कीव केल्यासारखा. भेट द्यायची तर चकचकीत द्यावी, ही आपली रीत आहे.

नाणेसंग्राहकांची पुस्तकं तुम्हाला नेमका उलटा सल्ला देतील: परवडेल तेवढं कोरं नाणं घ्या. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. त्यांच्या दर्जाच्या भाषेत 'फाइन' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, 'फेअर' म्हणजे जेमतेम ओळखू येणारं आणि 'पुअर' म्हणजे सोडून द्या. आपल्याला 'फेअर' हवं. कोरी पेनी म्हणजे जी कुणी वापरलीच नाही ती. टांकसाळीतून थेट पाकिटात गेली. तिच्यावर कुणाचा हात नाही, ती कुठल्या काउंटरवर आपटली नाही, बर्फात मोजे घातलेल्या बोटांतून निसटून फुटपाथवर पडली नाही.

ब्रिटानियाचा चेहरा गुळगुळीत व्हायला चाळीस-पन्नास वर्षं हजारो माणसांचे अंगठे लागतात. त्यांतला एक अंगठा तुमच्या माणसाचा असू शकतो. नसेलही. पण कोऱ्या नाण्यावर तो नाही हे नक्की.

एक मात्र सांभाळा. झीज वेगळी आणि इजा वेगळी. झिजलेलं नाणं सगळीकडून सारखं, पाण्यातल्या गोट्यासारखं मऊ लागतं. घासलेलं, कापलेलं, ठोकलेलं नाणं बोटाला टोचतं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून कडेचा फोटो मागा.

किंमत किती?

ओळखू येईल अशी, सर्वसाधारण सालाची झिजलेली पेनी इंग्लंडात साधारण एका पौंडाच्या आत मिळते. टपालखर्च तिच्याहून जास्त. तिकडचे व्यापारी अशा पेन्या किलोवर विकतात. किलोत शंभरावर बसतात. कुणी झिजलेल्या पाचव्या जॉर्जचे हजार रुपये सांगितले, तर तो तुमच्या आजोबांच्या आठवणीचे पैसे लावतोय, नाण्याचे नाही.

सालाच्या बाजूला बारीक 'एच' आहे. त्याचे जास्त पैसे मागतात. द्यावेत का?

तो 'एच' म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. लंडनच्या टांकसाळीला काम झेपेनासं झालं की ते तिकडे द्यायचे. १९१२ ची 'एच'वाली झिजलेली सहज मिळते, १९१८ आणि १९१९ ची महाग असते. संग्राहक नसाल तर सोडा. पण तुमची आत्या किंवा मामा बर्मिंगहॅमला राहिले असतील, तर मात्र थोडे जास्त द्या आणि तीच घ्या. त्यांच्या गावात पाडलेलं नाणं आहे ते.

'इंड इम्प' असं काय लिहिलंय? स्वातंत्र्यसैनिकाच्या घरात चालेल का?

लॅटिन आहे ते. 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' किंवा 'हिंदुस्थानचा सम्राट' याचं लघुरूप. पेनीवर ते १८९५ पासून आलं आणि १९४९ च्या नाण्यांवरून गेलं. म्हणजे आपण १९४७ ला स्वतंत्र झालो तरी १९४८ च्या पेनीवर सहावा जॉर्ज आपला सम्राट म्हणून मिरवतोय. त्यानं तो किताब अधिकृतपणे सोडला तोच जून १९४८ मध्ये, आणि ठसे बदलायलाही वेळ लागतो.

चालेल का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एका गृहस्थांचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते आणि मुलगा नंतर इंग्लंडला डॉक्टर झाला. त्यांनी मुद्दाम १९४८ आणि १९४९ अशा दोन पेन्या घेतल्या आणि शेजारी-शेजारी ठेवल्या, एक अक्षरं असलेली आणि एक नसलेली. आलेल्या पाहुण्यांना ते भिंग देतात.

ज्यांना हे नकोच असेल त्यांनी १८९४ पर्यंतची अंबाडेवाली किंवा १९४९ पासूनची घ्यावी.

कुठे मिळेल?

सर्वांत सोपं: तिकडे कुणी असेल तर त्याला सांगा. शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात किंवा कुठल्याही गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात नाण्यांचा एक ट्रे असतोच. 'यातलं कुठलंही घ्या' असा. सांगताना एकच वाक्य सांगा: "सर्वांत घाणेरडी दिसणारी आण." माझा भाचा तिकडे शिकत होता. त्यानं पहिल्यांदा लाजून चांगल्या दिसणाऱ्या दोन आणल्या होत्या.

इथे म्हणाल तर मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, मला मिळून तीनदा दिसल्या. मुंबई बंदर आहे, बोटीवरच्या लोकांच्या खिशातून असली नाणी येत राहिली. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतले आजे-पणजे ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होते. तेव्हा बाजारात जाण्याआधी गावाकडच्या पेटाऱ्याचा तळ एकदा बघून घ्या.

बाजारात एक काळजी. तिथे तांब्याच्या रंगाचं कुठलंही मोठं नाणं 'इंग्लंडची पेनी' म्हणून गळ्यात मारतात. ब्रिटानिया नसेल तर ती ब्रिटिश पेनी नाही. कांगारू असेल तर ऑस्ट्रेलियाची, पिलांसकट कोंबडी असेल तर आयर्लंडची. कोंबडीवाली गोड दिसते हे खरं. पोरांना द्यायला घ्या.

नकली असते का?

जी गोष्ट किलोवर मिळते तिची नक्कल करून कुणाचं पोट भरणार? साध्या सालाच्या झिजलेल्या पेनीबद्दल निर्धास्त राहा. लोहचुंबक लावून बघा, ब्राँझ चिकटत नाही. (१९९२ नंतरची छोटी पेनी चिकटते, ती आतून पोलादी आहे.) १९३३ ची कुणी स्वस्तात देऊ केली तर मात्र हसून नमस्कार करा.

नकलीपेक्षा जास्त त्रास 'फोटो एक, नाणं दुसरं' याचा. मला एका विक्रेत्यानं अंबाडेवालीचा फोटो दाखवून ओढणीवाली पाठवली आणि वर "राणी तीच आहे ना" असं कळवलं. छाप्याचा, काट्याचा आणि कडेचा असे तीन फोटो मागा, आणि 'फोटोतलंच नाणं मिळेल' हे लिहून घ्या.

आणली, पण काळी पडलीये. घासू का?

नाही.

हे वाचूनही तुम्ही घासणार, म्हणून माझी गोष्ट सांगतो. भाच्यानं आणलेल्यांपैकी एक पेनी अगदीच कळकट होती. देवाची तांब्याची भांडी आपण चिंचेनं लख्ख करतो, मग हिला काय होतंय, असं म्हणून मी वाटीत चिंचेचा कोळ घेतला, चिमूटभर मीठ टाकलं आणि पेनी बुडवली. दोन मिनिटांत कोळ गढूळ झाला. बाहेर काढली तेव्हा ती गुलाबी होती. तांब्याच्या तांब्याची छान झळाळी नव्हे, नखाखालच्या कातडीसारखी कच्ची गुलाबी. आणि काळ्या रंगानं आतापर्यंत जे झाकलं होतं ते सगळं उघडं पडलं, बारीक खड्डे, ओरखडे, राजाच्या गालावरचा चरा. राजाची आकृती मात्र अजूनच फिकी झाली, कारण डोळ्याला ती दिसत होती ती खोलगट भागात साठलेल्या काळ्या रंगामुळे. ती पेनी आज माझ्याकडे आहे, कुणालाच देता आली नाही.

फारच माती असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, दोन बोटांनी हलकेच, मग मऊ कपड्यानं टिपून कोरडी. पुसायची नाही, टिपायची. हिरवी भुकटी सुटत असेल आणि टिपूनही पुन्हा येत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

ठेवायची कशी?

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नको. त्यातल्या रसायनानं काही वर्षांत हिरवा चिकटा धरतो. कागदी पाकीट उत्तम. कोकणात किंवा मुंबईत असाल तर औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका. रोज खिशात ठेवली तरी हरकत नाही. चाळीस वर्षं ती खिशातच होती.

भोक पाडून गळ्यात घातली तर?

पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आज्यांच्या आपण नाती आणि नातवंडं, त्यामुळे ही इच्छा होणारच. भोक पाडण्यापेक्षा सोनाराकडून कडेनं चांदीची चौकट करून घ्या, नाण्याला धक्का लागत नाही. फक्त पुतळी सोन्याची असते आणि पेनी ब्राँझची. आपल्या घामात ती गळ्यावर हिरवा चंद्र उमटवेल. आणि वजनाचा विचार करा, जवळजवळ एका तोळ्याचं आहे ते.

नाण्यावर कुणीतरी नाव कोरलंय. खराब समजायचं का?

संग्राहक खराब समजेल. तुम्ही ताबडतोब घ्या.

नाणं घासून सपाट करायचं आणि त्यावर आपल्या माणसाचं नाव कोरायचं, ही तिकडची जुनी चाल आहे. १७९७ साली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत तांब्याची एक औंस वजनाची पेनी पाडली होती. इतकी जाड की लोक तिला गाडीचं चाक म्हणत. ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची शिक्षा झालेले कैदी बोट सुटायची वाट बघत असताना अशी नाणी गुळगुळीत करून त्यावर नाव, तारीख, दोन ओळी कोरून घ्यायचे आणि घरच्यांकडे ठेवून जायचे. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. परत येणार नाही हे माहीत असलेल्या माणसानं मागे ठेवायला निवडलं ते घरातलं सर्वांत स्वस्त धातूचं नाणं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ ची एक पेनी आहे. सातव्या एडवर्डच्या तोंडावरच 'स्त्रियांना मताधिकार द्या' अशा अर्थाची अक्षरं ठोकलेली. राजाचा अपमान, गुन्हाच. पण एवढ्याशा पेनीसाठी ती चलनातून काढून घेण्याचा उपद्व्याप कोण करणार, म्हणून मजकूर फिरत राहायचा.

तुमच्या नाण्यावर नुसतं 'ए' किंवा 'जे. आर.' एवढंच असेल. तरी घ्या.

पेनीच का? शिलिंग किंवा सिक्सपेन्स का नाही?

तुमच्या माणसाची आठवण कशाशी जोडलेली आहे, त्यावर आहे. साठच्या दशकात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला विचारलंत तर तो शिलिंगच सांगेल. खोलीतल्या गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकला तर शेगडी पेटायची, संपला की विझायची. बाबा म्हणतात, जानेवारीत पौंडाची नोट खिशात असूनही कुडकुडलोय, कारण सुट्टा शिलिंग नव्हता. सिक्सपेन्स हे लग्नाचं नाणं, नवरीच्या बुटात घालतात. आणि नाताळच्या पुडिंगमध्येही. १९४६ पर्यंतच्या शिलिंगमध्ये आणि सिक्सपेन्समध्ये चांदी आहे, त्यामुळे ती पेनीपेक्षा महाग.

पोस्टानं मागवली तर?

साध्या पाकिटातून नाणं पाठवू देऊ नका, नोंदणी करूनच. सीमाशुल्काची चिठ्ठी आली तर ती नाण्यापेक्षा महाग पडू शकते, हे धरून चला. म्हणून म्हटलं, येणाऱ्या माणसाच्या खिशातून आणा.

उलट दिशेनं जाताना मात्र जपा. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि खासगी माणसाला ती भारताबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या नातीला द्यायची पेनी थेट इंग्लंडातूनच तिकडे पाठवायला सांगा.

आमच्याकडे आहे एक जुनी. लाखो रुपये मिळतात म्हणे?

नाही मिळत. "तुमच्या नाण्याचे वीस लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा" हा सापळा आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता, कारण हे लोक बँकेचंच नाव वापरत होते.

तुमच्या बाबांना शेवटी आवडली का?

१९१९ ची, दाढीवाला डावीकडे बघणारा, समुद्र सपाट. वाढदिवसाला बशीत ठेवून दिली. त्यांनी उचलली, उलटी केली, अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. मग उठून भिंतीपाशी गेले आणि विजेच्या बटणांच्या पाटीवरच्या खालच्या बटणावर अंगठा दाबला. आईला वाटलं पंखा लावतायत.

लंडनच्या सार्वजनिक फोनमध्ये तेव्हा 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं असत. पेन्या टाकायच्या, पलीकडून कुणी बोललं की 'ए' दाबायचं. उत्तर नाही आलं तर 'बी' दाबायचं, पैसे खालच्या वाटीत परत. पैसे परत घ्यायला विसरणारे बरेच असायचे. त्यामुळे रस्त्यात दिसेल त्या फोनच्या खोक्यात शिरून 'बी' दाबून बघणं हा सगळ्या विद्यार्थ्यांचा जोडधंदा होता. बाबांची ती पहिली, हरवलेली पेनी कमावलेली नव्हतीच. अर्ल्स कोर्टच्या स्टेशनाबाहेरच्या फोनमधून खणकन पडलेली होती. आम्हाला हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मग आता ती कुठे आहे?

दाढीच्या सामानाच्या नव्या डब्यात, ब्लेडच्या पाकिटाखाली. पुढच्या वेळी घर बदलताना डबा मांडीवर घेऊन बसायचं, असं आईनं बजावलंय.